दादाने लावलेली केळ

२१ जानेवारी

वहिनी,

सुखरूप पोचले. हे पहिल्या ओळीत लिहिलं नाही तर तू पुढचं वाचतच नाहीस, म्हणून आधी हेच. बस दीड तास उशिरा सुटली, शेजारच्या बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून निवांत झोपल्या आणि तू बांधून दिलेले केळ्याचे काप मी उतरायच्या आत फस्त केले.

तुझ्या केळीच्या बुडाशी फुटलेले ते दोन मुनवेही नीट पोचले. आमच्या केळी-संशोधन केंद्रात नव्या पाहुण्यांची खोली वेगळी असते. गालगुंड झालेल्या पोरांसारखं त्यांना काही महिने कुणाशेजारी बसू देत नाहीत. मग कंदाच्या अगदी आतला नखाएवढा कोंब काढून काचेच्या बाटलीत वाढवायचा. वर चिठ्ठीही लागली आहे, क्रमांक ४१७. दादाने परसात लावलेल्या केळीला सरकारी क्रमांक मिळालेला पाहून मला उगाचच भरून आलं.

निघताना तू विचारलंस, 'ही काही तुझ्या दादाने लावलेली केळ नाही ना गं आता? ती तर घड देऊन केव्हाच गेली, ही तिची खापरपणती.' घाईत मला नीट सांगता आलं नाही. भाजीच्या केळीला बी धरत नाही, वहिनी. मुनवा म्हणजे तिचं मूल नव्हे, तीच ती. एक खांब पडतो, शेजारचा उभा राहतो, पण जमिनीखाली जीव एकच चालत असतो. बावीस वर्षांपूर्वी दादाने लावली ती केळ अजून तुझ्या मागच्या दारी उभी आहे. फक्त तिला झाड म्हणू नकोस. लाकूडच नाही तर झाड कसलं? तो खांब म्हणजे नुसती पानांची गुंडाळी. आमच्या शास्त्राने पाहिलं तर ती एक उंच वाढलेली भाजी आहे.

माझे बूट तू घासूनपुसून दिलेस ते पाहून इथे सगळे हसले. तुला कुणी सांगितलं होतं गं?

तुझी,
शास्त्रीणबाई


९ फेब्रुवारी

शास्त्रीणबाई,

भाजी म्हणे! बावीस वर्षं त्या भाजीच्या सावलीत आम्ही भांडी घासली, पापड वाळवले, तुझ्या दादाने दुपारच्या झोपा काढल्या. खानावळीत सांगितलं तर गिऱ्हाइकं मला वेड्यात काढतील.

पण ते 'तीच ती' मी तीनदा वाचलं. वाचून मागच्या दारी गेले आणि तिच्या अंगाला हात लावून उभी राहिले. मावशी भांडी घासत होत्या. म्हणाल्या, 'काय हो बाई, ताप बघताय का तिचा?' मी म्हटलं, मावशी, तुम्हाला नाही कळायचं, हे शास्त्र आहे. त्यावर त्यांनी कढई एवढ्या जोरात आपटली की मला कळलं, त्यांना कळलं.

इथे सगळं नेहमीचंच. कारखान्याचा भोंगा झाला की चाळीस ताटं. मंगळवारी आणि शुक्रवारी केळी. हाताला तेल चोपडून सोलायची, नाहीतर चिकाने बोटं चार दिवस काळी. काप मिठाच्या पाण्यात टाकायचे म्हणजे पांढरे राहतात. सालं बारीक चिरून परतायची. केळफूल निघालं की माझी अख्खी दुपार त्यातला एकेक ताठ दोरा उपटण्यात जाते, आणि पोरं ते दोन मिनिटांत गिळून उठतात. तुझा दादा रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा, 'आज काय केलंय?' आणि मी म्हणायची, 'केळंय!' रोज तोच विनोद आणि रोज तो हसायचा. आता गेटवरचा फिटर तसं विचारतो. त्यालाही मी तेच उत्तर देते, आणि सगळी खानावळ हसते.

बुटांचं काय घेऊन बसलीस? एवढा चिखल घेऊन बसमध्ये चढणार होतीस का? केळीपाशी दगडावर घासले, पाणीही तिलाच मिळालं. या घरात पाणी वाया जात नाही, माहीत आहे ना तुला?

वहिनी


२८ जून

शास्त्रीणबाई,

आज थट्टा नाही. केळीला काहीतरी झालंय.

खालची पानं कडेने पिवळी पडायला लागली. मी म्हटलं, जून झाली असतील, कापून टाकली. आठ दिवसांत त्यांच्या वरची तशीच झाली. आता पानं देठात मोडून खांबाभोवती लोंबताहेत, आणि मोठ्या खांबाला जमिनीजवळ उभी चीर गेली आहे, बोट जाईल एवढी. त्याच्यावर अर्धवट भरलेला घड आहे. मावशींनी आणि मी मिळून टेकू दिलाय.

तू म्हणालीस ना, ही तुझ्या दादाचीच केळ. ते वाचलं नसतं तर एवढा जीव वरखाली झाला नसता. केळ गेली तर दुसरी लावू, असं म्हटलं असतं. आता तसं म्हणवत नाही.

तुझं सारं आयुष्य केळींतच गेलं. वाचूनच तुला कळेल. काय करू ते लगेच कळव.

वहिनी


५ जुलै

वहिनी,

घाबरू नकोस. पडेल तो खांब आडवा काप आणि आतला रंग कसा आहे ते लिही. पांढरा आहे की लालसर तपकिरी ठिपके दिसतात? कोयता उकळत्या पाण्यातून काढ. तिथली माती दुसरीकडे नेऊ नकोस आणि सध्या कुणाला मुनवे देऊ नकोस.

कारणं बरीच असतात. मुळाशी पाणी साचणं, खत कमीजास्त होणं. तिकडे साबणाचं किंवा मिठाचं पाणी जातं का? मिठानेही पानांच्या कडा करपतात. तेही जरा बघ.

इथे कामाचा रगाडा आहे. मागच्या महिन्यात मला विभागाची प्रमुख केलं. आनंदाची बातमी अशी शेपटाला लावतेय म्हणून रागावू नकोस.

तुझी,
शास्त्रीणबाई


१६ ऑगस्ट

शास्त्रीणबाई,

अभिनंदन. तुझ्या दादाने गल्लीभर पेढे वाटले असते. मी चाळीस ताटांत एकेक चमचा साखर जास्त घातली शिऱ्यात, तेवढंच.

सातांपैकी सहा खांब पडले. कापले तर आत लाल-तपकिरी दोरे, चहात बुडवून काढल्यासारखे. सातव्यावर एकच पान राहिलंय.

पण तुझं पत्र आलं आणि कारण हाताशीच सापडलं. मीठ! कापांचं ते खारट पाणी पुढच्या गटारात टाकायचं, हे मी मावशींना शंभरदा सांगितलं होतं. त्या म्हणतात, तिथेच टाकत होते. पण मी स्वतः त्यांना एकदा केळीपाशी पातेलं उपडं करताना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, 'एकदाच हो बाई, पुढच्या दारात टेम्पो उभा होता.' मी म्हटलं, एकदा की वीसदा ते त्या केळीलाच ठाऊक. मग माझा तोलच गेला. नको नको ते बोलले. तुझ्या दादाचं नाव काढलं. म्हटलं, त्याची एवढी एक गोष्ट राहिली होती, तीही तुम्ही मारलीत, उद्यापासून येऊ नका.

त्या रडल्या नाहीत. घासणी धुतली, पिळून खिडकीत ठेवली, पदराला हात पुसले आणि गेल्या. वीस वर्षं होत्या गं माझ्याकडे.

आता भांडी मीच घासते. फिटर विचारतो, आज काय केलंय? मी म्हणते, बटाटा.

मी बरोबर केलं ना?

वहिनी


१० सप्टेंबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, नव्या लोकांचं प्रशिक्षण होतं.

मावशींना काढायला नको होतंस. वय झालंय त्यांचं. परत बोलाव. झालं ते झालं, केळ काही त्याने परत येणार नाही. राहिलेला खांब जाळून टाक आणि त्या जागी आता काही लावू नकोस. जास्त लिहीत नाही, घाईत आहे.

शास्त्रीणबाई


१८ सप्टेंबर

शास्त्रीणबाई,

एवढंसं पत्र तू मला आजवर कधी लिहिलं नव्हतंस. तुलाही वाईट वाटलं असेल, असं मी धरून चालले.

तुझ्या सांगण्यावरून मावशींकडे गेले. चार गल्ल्या पलीकडे राहतात. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, झालं गेलं विसरा आणि या. तर म्हणाल्या, 'तुमच्या केळीला मी मारलं असं वाटतं का तुम्हाला? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मग सांगते यायचं की नाही.' मला दोन्हींतलं काही म्हणता आलं नाही. कीव म्हणून बोलावलेलं त्यांना नकोय, आणि खरं सांगू, मलाही तसं बोलवायचं नाहीये. त्यांच्या दारातून मी मान खाली घालून परत आले. रस्ताभर वाटत होतं, मीच काहीतरी चुकले. पण काय चुकले ते कळत नाही.

तू मागच्या पत्रात कारणाबद्दल काहीच लिहिलं नाहीस. मला शास्त्र नको, लांबलचक नको. एक ओळ लिही. मिठाने झालं की नाही? मी ती ओळ नेऊन त्यांना दाखवीन.

वहिनी


१ ऑक्टोबर

वहिनी,

नाही. मिठाने नाही झालं.

तू मागितलेली ओळ ही. चार दिवस मी एवढंच लिहून पाकीट बंद करत होते आणि पुन्हा फोडत होते. आज पुढचंही लिहिते.

तुझ्या केळीला मर लागली. तो रोग मातीतून येतो. आमच्या केंद्राच्या मागे एक तुकडा आहे, तिथे आम्ही तो रोग मुद्दाम जिवंत ठेवतो, अभ्यासासाठी. त्या तुकड्यात जाताना वेगळे बूट घालायचे, बाहेर येताना औषधाच्या हौदात उभं राहायचं आणि ते बूट तिथेच कुलपात ठेवायचे. फाटकावर तशी पाटी आहे. पाटीवरचं अक्षर माझं आहे.

तुझ्याकडे यायला निघाले त्या दिवशी मी त्या तुकड्यातच होते. बस सुटायला वीस मिनिटं होती. हौद ओलांडून उडी मारली आणि तसेच बूट घालून पळाले. तुझ्या पुढच्या दारात ते काढले, दोन दिवस दादाच्या जुन्या चपला घालून फिरले, मुनवेही त्याच चपलांत काढले. तोवर काही बिघडलेलं नव्हतं. निघायच्या सकाळी मी अंघोळीला गेले आणि तू बूट घेऊन केळीपाशी बसलीस.

मला कधी कळलं ते आता लिहिते. मला बसमध्येच कळलं. पाय लांब केले, बूट चकाकत होते, आणि ते तू कुठे घासले असशील हे मला विचारावं लागलं नाही. कापांचा डबा मांडीवर होता. तरी मी ते काप खाल्ले.

म्हणजे पहिलं पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. 'तुला कुणी सांगितलं होतं गं?' हे मी थट्टेत लिहिलं असं तुला वाटलं असेल. ती थट्टा नव्हती. माझं ओझं तुझ्याकडे जरासं सरकवून बघत होते. मग तुझं पत्र आलं, 'केळीपाशी दगडावर घासले.' त्या दिवशी जरी कळवलं असतं तरी बाकीचे मुनवे काढून दुसरीकडे लावता आले असते, वाचले असते. मी स्वतःला समजावलं की कदाचित काही होणारही नाही. त्याच महिन्यात प्रमुखपदासाठी माझं नाव वर गेलं होतं. रोगट तुकड्यातले बूट बाहेर नेणारीला कोण प्रमुख करणार?

आणि मीठ. मिठाने ते लाल दोरे होत नाहीत. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते मुद्दाम लिहिलं. तू मावशींपर्यंत जाशील असं मनात नव्हतं, पण तू शोधत कुठेतरी जावंस आणि माझ्यापर्यंत येऊ नयेस, एवढं मात्र मला हवं होतं. तुझं ऑगस्टचं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं. मावशी घासणी पिळून ठेवतात ते वाक्य मला पाठ झालंय.

गप्प बसायला एक चांगलं कारणही मी तयार ठेवलं होतं. बूट तू धुतलेस हे कळलं तर तू स्वतःला दोष देशील, तुला जपायला हवं, असं. ते कारण खोटं आहे. मी खुर्चीसाठी गप्प बसले. तुझा यात काडीचाही दोष नाही. मावशींचाही नाही.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. पद जाईल, बहुतेक त्या तुकड्यातलं कामही. बाटलीतलं ४१७ तपासून घेतलं, ते निरोगी आहे. पण तुझ्या परसात ते लावता येणार नाही. ती माती आता आपल्या हयातीत साफ व्हायची नाही.

मी येऊ का? तुझ्यासमोर आणि मावशींसमोर उभं राहायला. नको म्हणालीस तरी चालेल.

तुझी नणंद


१४ नोव्हेंबर

नणंदबाई,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे होत आले. त्यातले दोन आठवडे ते पिठाच्या डब्यामागे होतं. उत्तर लिहायला बसायची, आणि उठून भांडी घासायला लागायची.

मग एके दुपारी पत्र घेऊन मावशींकडे गेले. दारातच उभी राहून सगळं वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. 'नाही. मिठाने नाही झालं' हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, 'त्यांच्याच अक्षरात आहे ना?' मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नाही, तरी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी पाया पडायला वाकले तर माझे खांदे धरले आणि म्हणाल्या, 'पुरे. मागे या.'

मागे केळ होती. पाच खांब, एकावर घड. त्यांनी घर बांधलं तेव्हा तुझ्या दादाने मुनवा दिला होता, खड्डाही त्यानेच खणून दिला होता म्हणे. मला कधी बोलला नाही. मावशी म्हणाल्या, 'तुमची वाळायला लागली तेव्हाच सांगणार होते. पण तोंडातून निघेना. तुमची जातेय आणि माझी बरी हिरवीगार, असं वाटायचं. चोरी केल्यासारखं.' आम्ही दोघी त्या केळीखाली बसून रडलो. तू म्हणतेस ना तीच ती, तर तीच ती. मी तिच्या अंगाला हात लावला नाही. कोपऱ्यावरच्या नळावर पाय धुऊन, अनवाणी आत गेले होते, तरी हात लावायची भीती वाटली. ती भीती तू दिलीस.

चिखलाचा मला राग नाही. घाई कुणाला होत नाही? बूट मीच घासले, आणि आठवलं की आजही हात पाण्यात बुडवावेसे वाटत नाहीत, पण ते माझं मी बघेन. राग आहे तो मिठाचा. बुटांचा चिखल धावपळीत आला. मिठाचं पत्र तू खुर्चीत बसून, विचार करून लिहिलंस. आणि तुझा शब्द म्हणून मी पुढे काही विचारलं नाही, वीस वर्षं माझ्याकडे असलेल्या बाईला दाराबाहेर काढलं. ते पाप माझं आहे, ते मी तुझ्यावर घालत नाही. पण तेव्हापासून तू दीड महिना मला ते करू दिलंस.

तुझं पद गेलं का ते कळव. जावं असं वाटत नाही, राहावं असंही म्हणवत नाही. ते ४१७ सांभाळ.

मावशी सोमवारपासून यायला लागल्या. येताना त्यांच्या घडातल्या दोन फण्या घेऊन आल्या. मंगळवारी कितीतरी महिन्यांनी हाताला तेल लावलं. फिटरने दारातून विचारलं, 'आज काय केलंय?' मी कढईतले काप उलटत राहिले. तेवढ्यात मोरीतून मावशी ओरडल्या, 'केळंय!' सगळे खो खो हसले. मी शेगडीकडे तोंड करून उभी राहिले.

येऊ का म्हणून विचारलं आहेस. मावशींना ते वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, 'येऊ द्या. पण माझ्या परसात पाऊल नको. पाय धुतले तरी नको.' मग भांडी विसळता विसळता स्वतःच म्हणाल्या, 'पुढच्या दारी बसवा. मी काप तळून ठेवते, त्यांना आवडतात. करू ना?'

मी त्यांना अजून हो की नाही सांगितलेलं नाही. सांगितलं की तुला कळवीन. तोवर तूही जरा थांब.

वहिनी